साडेबारा ते तीन: पट्टीवरची पावलं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. खरं सांगायचं तर त्यातल्या चुका शोधायला वाचतो. तारखा जुळत नाहीत, अमावास्येला चांदणं पडलेलं असतं, एकमेव साक्षीदार नेमका वारलेला असतो. मी एकोणीस वर्षं सोलापूरच्या एका दैनिकात डेस्कवर, बातम्या तपासण्यात काढली. झाडातून दूध आल्याच्या बातम्या टेबलावर यायच्या आणि मी त्या ‘असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे’ एवढ्यावर आणून सोडायचो. तेव्हा मी आज काय लिहायला बसलोय याची मला कल्पना आहे. वाचणाऱ्याने शंका जरूर घ्यावी. मीही घेतली होती… आणि ज्या माणसावर घेतली, त्याची बावीस वर्षांची नोकरी त्यापायी जाणार होती. म्हणूनच हे लिहितोय.

आधी जागा. मी अजमानला राहतो, ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये. दोन उन्हाळ्यांपूर्वी ऑफिसच्या मेलवर एका वन्यजीव प्रकल्पासाठी व्हॉलंटिअर हवेत अशी सूचना आली. बायको म्हणाली, “शनिवार-रविवार सोफ्यावर पडून मोबाइलच बघणार ना? त्यापेक्षा जा.” गेलो. प्रकल्प खाजगी आहे, नाव देत नाही. अल ऐनच्या रस्त्यावरून वळून वाळूत पंचवीस मिनिटं आत. तिथे अरबी ओरिक्स वाढवतात. पांढरं अंग, काळे पाय, सरळ लांब शिंगं असलेला हा प्राणी एकेकाळी रानातून पार संपला होता. पिंजऱ्यातल्या जनावरांपासून कळप पुन्हा उभे केलेले आहेत.

विणीच्या माद्यांसाठी वेगळं कुंपण होतं. खरं तर दोन कुंपणं, एकात एक. मधे चार मीटर रुंदीची मोकळी वाळू, सगळ्या बाजूंनी. तिला आम्ही पट्टी म्हणायचो. रोज सव्वाबाराला क्वाड बाइकच्या मागे जाळीचा तुकडा आणि त्यावर दोन जुने टायर बांधून तो पट्टीवरून ओढायचा. वाळू कागदासारखी सपाट होते. बाइक दारातून बाहेर काढायची, दाराजवळची वाळू दाताळ्याने सारखी करायची आणि बाहेरच्या दाराला कुलूप घालायचं. इथे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे त्या अडीच तासांत बाहेर कोणी नसतं. भटकी कुत्री किंवा कोल्हे आले तर तीन वाजता पट्टीवर दिसावं, एवढाच हेतू.

माणसं दोन. अर्चना मोहिते, मूळ साताऱ्याच्या, जीवशास्त्रज्ञ, प्रकल्पाच्या प्रमुख. आणि इस्माईल परकार, राजापूर तालुक्यातले, वय एक्कावन्न, जनावरांची देखभाल करणारे. ते शारजाच्या एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या व्हिसावर होते. धाकटी मुलगी रत्नागिरीला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. बाहेरच्या दाराच्या दोन चाव्या होत्या. एक इस्माईलभाईंच्या कमरेला, दुसरी अर्चनांच्या ड्रॉवरमध्ये.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी एक मादी व्याली. पाडस अशक्त होतं. ओरिक्सची आई पाडसाला एका जागी लपवून ठेवते आणि दिवसातून काही वेळाच पाजायला येते. माणसाचा वास लागला तर ती त्याला सोडून देण्याचा धोका असतो. म्हणून अर्चनांचा नियम होता — पहिले दोन आठवडे आतल्या कुंपणात कोणीही जायचं नाही. अडचण अशी की दुपारी वर बांधलेल्या जाळीची सावली पाडसाच्या अंगावरून सरकायची आणि ते उन्हात पडायचं. त्याच्यात उठून सरकण्याइतकी ताकद नव्हती.

शनिवारी सकाळी मी पोचलो तेव्हा याच्यावरूनच चालू होतं.

“मॅडम, दोन मिनिटांचं काम हाय. उचलतो, सावलीत ठेवतो, खलास,” इस्माईलभाई म्हणत होते.

“हात लावायचा नाही. आईने सोडलं तर बाटलीवर वाढवावं लागेल. मग ते कळपाचं राहत नाही.”

“आईनं नाय सोडलं, पण उन्हानं नेलं तर?”

“तर तो माझा निर्णय. तुमचा नाही.”

ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बगा पेपरवाले, शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये तो असा.” आणि टायर बांधायला गेले.

साडेबाराला आम्ही केबिनमध्ये आलो. पाडस सावलीच्या बाहेर होतं. हे मी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं. तीनला बाहेर पडलो तर पट्टीवर पावलं होती.

अनवाणी माणसाची. अकरा पावलं. पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. ती बाहेरच्या कुंपणापासून सुरू होत नव्हती — कुंपणापासून दोन मीटर आत पहिलं पाऊल होतं, आणि पट्टीवरून तिरकं जात शेवटचं आतल्या दारापाशी. परत येणारं एकही नव्हतं. आतली वाळू जनावरांनी तुडवलेली असते, तिथे काही कळत नाही. पाडस जाळीच्या सावलीत होतं, पहिल्या जागेपासून सात-आठ मीटर दूर.

अर्चनांनी हाक मारली. इस्माईलभाई आले, पावलं पाहिली, मानेवरचा घाम पुसला.

“मी नाय.”

“मग कोण? चावी कोणाकडे असते?”

“एक माज्याकडं. एक तुमच्याकडं.”

“म्हणजे मी गेले?”

“तसं मी नाय म्हटलं.”

मी टेप काढून पाऊल मोजलं. साडेबावीस सेंटिमीटर. अर्चनांच्या तापमान मोजायच्या गनने वाळू मोजली, चौसष्ट अंश. ज्याला अंदाज नसेल त्याने गॅसवरून उतरवलेल्या तव्याजवळ हात नेऊन पाहावा. तीन वाजताची ही गोष्ट, म्हणजे एक-दीड वाजता याहून जास्तच असणार. इस्माईलभाईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “बुटाचा नंबर काय तुमचा?”

“का? नवे घेऊन देताय?”

“सांगा तर.”

“त्रेचाळीस. काळे आणा, पांढरे मळतात.”

माझा संशय त्यांच्यावरच होता, आणि मला तो पुराव्याने जुळवायचा होता. पहिले दोन मीटर त्यांनी फळी टाकून ओलांडले असणार. परत येताना पुन्हा फळी. बूट काढले, कारण बुटाचा ठसा ओळखू येतो. पाय भाजले असतील, पण कोकणातला माणूस, तळवे राठ… माझ्याकडे सगळ्याला उत्तर होतं.

रविवारीही मी गेलो. पट्टी इस्माईलभाईंनी मारली, म्हणजे टायर ओढून सपाट केली, मी शेजारी उभा होतो. तीनला पुन्हा अकरा पावलं. पुन्हा पाडस सावलीत.

आता वर, प्रकल्पाच्या बोर्डाला कळवणं भाग होतं. अर्चना म्हणाल्या, “सर, नोट तुम्ही लिहा. मी लिहिली तर रागात लिहीन.”

मी कामाला लागलो. डेस्कचा नियम आहे, दोन सूत्रं हवीत. पहिलं सूत्र पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. शनिवारी साडेबारा वाजून गेल्यावर त्याने इस्माईलभाईंना अनवाणी, ओल्या पायांनी कुंपणाच्या मागच्या बाजूने येताना पाहिलं होतं. दुसरं सूत्र हजेरीची वही. त्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये परतल्याची वेळ बारा एक्केचाळीस लिहिली होती. म्हणजे अकरा मिनिटं त्यांचा ठावठिकाणा नव्हता.

इस्माईलभाईंना विचारलं तर ते म्हणाले, “नळ मागं हाय. जोहरच्या नमाजआधी वजू करतो, पाय धुतो. रोज करतो. ड्रायव्हरनं रोज नाय बगितलं, त्या दिवशी बगितलं.”

मी ते लिहून घेतलं. मग ते म्हणाले, “पेपरवाले, एक विचारू? गुरुवारी पावलं नाय, शुक्रवारी नाय. तुमी आलात शनिवारी, पावलं आली. आज परत आलात, परत आली. त्याचं काय लिवलंत?”

मी हसलो. ज्याच्यावर आरोप येतो तो पहिल्यांदा आरोप समोरच्याकडे ढकलतो, हे मी डेस्कवर शेकडो वेळा पाहिलेलं होतं.

आता माझी चूक. ती नीट सांगायला हवी. बातमी लिहिताना महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली, अशी आम्हाला सवय लावलेली असते. जागा कमी पडली तर खालून कापायचं, वाचायचंही नाही. नोट एका पानात हवी होती. माझी सव्वा पान झाली. पावलाचं माप साडेबावीस सेंटिमीटर, त्रेचाळीस नंबरच्या बुटातलं पाऊल सत्तावीसच्या आसपास असतं, आणि वाळूचं तापमान — हे मी शेवटच्या परिच्छेदात टाकलं होतं, कारण ते बाकीच्यात बसत नव्हतं. तो परिच्छेद मी कापला. मनात एवढंच आलं, वाळूतलं माप काय धरायचं.

बुधवारी अर्चनांचा फोन आला. “सर, कंपनीने इस्माईलभाईंना शनिवारी शारजाच्या ऑफिसात बोलावलंय. व्हिसा कॅन्सलचे पेपर सही करायला. बोर्डाच्या मॅनेजरने तुमची नोट वाचली. म्हणाले, एकदम क्लिअर आहे.”

“आणि या आठवड्यात?”

“काही नाही. सोमवारपासून पट्टी रोज कोरी. पाडस उन्हातच असतं, मी वरून पाण्याचा फवारा लावलाय. तुम्ही शनिवारी येताय ना?”

हो म्हणालो.

त्या शनिवारी पट्टी मी स्वतः मारली. दाराजवळची वाळू स्वतः सारखी केली. दोन्ही चाव्या केबिनमध्ये टेबलावर, आमच्या दोघांच्या मधे ठेवल्या. आवारात तिसरा माणूस नव्हता. टँकर सकाळीच येऊन गेला होता. केबिनच्या खिडकीतून पट्टीच्या दोन बाजू दिसतात, आतलं दार समोरच येतं. मी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलो. अर्चना लॅपटॉपवर होत्या, पण दर थोड्या वेळाने मान वर करत होत्या.

एक चाळीसला मुलाचा फोन आला. त्याला संध्याकाळी मित्राकडे जायचं होतं.

“आईला विचार,” मी म्हणालो.

“शी सेड आस्क बाबा.”

“अभ्यास झाला का?”

“ऑलमोस्ट.”

“ऑलमोस्ट म्हणजे किती?”

“बाबा, आर यू ईव्हन लिसनिंग? आय टोल्ड यू ट्वाइस.”

मी ऐकत नव्हतो. बोलताना माझी नजर पट्टीवर होती, आणि पट्टीवर पावलं होती. ती उमटताना मी पाहिली नाहीत. घड्याळाचा मिनिटकाटा हलताना दिसत नाही, हललेला दिसतो, तसं ते होतं. फोन आला तेव्हा वाळू कोरी होती, याची मी शपथ घेईन. कॉल तीन मिनिटं चाललेला आहे. मधे मी वळलो नाही, उठलो नाही.

“अर्चनाताई,” मी म्हणालो. एरवी मी त्यांना मॅडम म्हणतो.

त्या उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आधी टेबलावरच्या दोन्ही चाव्या बघितल्या. मग म्हणाल्या, “तीनच्या आधी जायचं नाही.” मला वाटतं, तो नियम त्यांनी त्या वेळी कायद्यासाठी पाळला नाही.

तीनला गेलो. अकरा पावलं. सुरुवात कुंपणापासून दोन मीटर आत. साडेबावीस सेंटिमीटर. पाडस सावलीत, आणि आई त्याला पाजत होती.

मी तिथूनच इस्माईलभाईंना फोन लावला.

“कुठे आहात?”

“शारजाला, ऑफिसात. अकरापासून बसलोय. एसी चांगला हाय.”

“सही केलीत?”

“अजून नंबर नाय आला. साहेब लोक जेवायला गेले ते आता आले.”

“करू नका.”

“का?”

“पावलं आलीत. आत्ता, आमच्यासमोर.”

“मग मी काय करू, नाचू?”

अर्चनांनी बोर्डाच्या मॅनेजरला फोन केला. स्पीकरवर होता, मीही ऐकत होतो. तो इंग्रजीत, शांतपणे बोलला. तुमचा माणूस नाही, ठीक आहे. पण संरक्षित जनावराच्या कुंपणात तीन वेळा कोणीतरी शिरलं आहे. इन्सिडेंट रिपोर्टमध्ये जबाबदार व्यक्ती हा रकाना भरल्याशिवाय तो बंद होत नाही. आज संध्याकाळपर्यंत दुसरं नाव द्या. नाहीतर आधी दिलेलं कायम राहील.

फोन ठेवून अर्चनांनी फॉर्म उघडला. “‘माहीत नाही’ असा ऑप्शनच नाहीये, सर.”

“तिन्ही दिवस इथे कोण कोण होतं?”

“मी आणि तुम्ही.”

“माझं टाका.”

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. “तुमचं पाऊल सत्तावीस-अठ्ठावीस भरेल.”

“फॉर्ममध्ये माप विचारलंय?”

“नाही.”

“मग टाका. माझं फार तर व्हॉलंटिअरचं कार्ड जाईल. त्यांचा व्हिसा जातोय.”

त्यांनी नाव टाकलं. सोबत जोडायला मी अर्धं पान लिहिलं. पाडसाला सावलीत हलवण्यासाठी मी ड्रॉवरमधली चावी घेऊन तीन वेळा आत गेलो, आधीच्या नोटमध्ये दुसऱ्यावर संशय घेतला त्याबद्दल दिलगीर आहे, वगैरे. पाठवण्याआधी सवयीने दोनदा वाचलं. छान उतरलं होतं. कोणीही उलटा प्रश्न विचारला नाही. पहिल्या नोटवरही नव्हता विचारला.

माझं कार्ड रद्द झालं, काही काळ तिथे जायला बंदीही आली. इस्माईलभाई सोमवारी कामावर हजर झाले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल.

“साहेब, ते खोटं कशाला लिवलंत?”

“आधीचं तरी कुठे खरं होतं?”

“आधीचं तुमाला खरं वाटत होतं. हे खोटं हाय ते तुमाला माहीत होतं. फरक हाय.” मग म्हणाले, “आणि ते माज्यासाठी केलंत, म्हणजे वाटा माजाही झाला.”

“मग काय, नोकरी सोडताय?”

“नाय. पोरीचं शेवटचं वर्ष हाय,” ते म्हणाले. “तेच तर.”

त्यानंतर मी माझ्या परीने तपास केला. वाऱ्याने वाळूत खड्डे पडतात, पण पाच बोटं पडत नाहीत. सर्वांत जवळची वस्ती चौदा किलोमीटरवर आहे. त्या आवारात कधी लहान मुलं किंवा बायका राहिल्याची नोंद नाही, आधी ती नुसती वाळू होती. फोटो मी सोलापूरच्या एका जुन्या सहकाऱ्याला पाठवले. त्याने तीस वर्षं क्राइम कव्हर केलंय. संदर्भ न देता विचारलं, काय दिसतं? त्याने कळवलं, “लहान चणीची बाई वाटते. पण टाच रुतलेली नाही. वजन कुठे गेलं हिचं?”

इस्माईलभाईंनी विचारलं होतं, मी आलो त्याच दिवशी पावलं का आली. पावलं माझी नव्हती, हे मी मोजून सांगतो. पण ती मी होतो त्या तीन दिवशीच आली, हेही तितकंच मोजलेलं आहे. मी जायचा थांबल्यापासून पट्टीवर एकही पाऊल आलेलं नाही. पाडस मोठं झालं, आता कळपात आहे. अर्चनांनी फोटो पाठवला होता, मला त्यातलं ते नेमकं कोणतं हे ओळखता आलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा मेसेज आला. माझ्यावरची बंदी संपली आहे, आणखी एक मादी गाभण आहे, माणसं कमी आहेत, शनिवारी येता का. इस्माईलभाई अजून तिथेच आहेत. मुलीला नोकरी लागायची आहे. अर्चनांना मी कळवलं की शनिवारी जमत नाही. बायको म्हणाली, हल्ली शनिवारी तू घरीच तर असतोस. तिला मी कामाचं कारण दिलं. मी तिथे गेलो आणि पट्टीवर पुन्हा काही उमटलं, तर त्या फॉर्ममध्ये पुन्हा कोणाचं तरी नाव लागेल. माझं एकदा देऊन झालंय. दुसऱ्यांदा ते कोणी खरं मानेल असं मला वाटत नाही.